मोठे अक्षर आणि विशेषनाम

डिचोली तालुक्यात साखळी नावाचे गाव आहे, आणि लोहार घडवितो तीही साखळीच. 'बाबा साखळीत अडकले' एवढाच निरोप चिठ्ठीत आला, तर घरच्यांनी काय समजावे? बाबा त्या गावी मुक्कामास राहिले, की लोखंडात त्यांचा पाय गुंतला? रोमन लिपीत विशेषनामाचे आद्याक्षर मोठे लिहितात, म्हणून असा घोटाळा टळतो. देवनागरीत मोठे अक्षरच नाही.

परंतु मोठे अक्षर कोठे द्यावे, याचा निर्णय तेथेही अर्थावरूनच करावा लागतो. काबिजाद म्हणजे जिंकलेला मुलूख, हे सामान्यनाम. अठराव्या शतकात पोर्तुगीजांनी डिचोली, सत्तरी आणि १७८८ साली पेडणे घेतले, तेव्हा अशा महालांस 'नव्या काबिजादी' हे नाव पडले. पुढे त्या नव्या उरल्या नाहीत. १९६१ साली पोर्तुगीज सत्ता संपली, तेव्हा काबिजादीही उरल्या नाहीत. इतिहासात नाव मात्र राहिले. वर्णन लागू पडेनासे झाले तरी जे टिकते, ते विशेषनाम. रोमन लिपीत मोठे अक्षर त्यालाच शोभते.

मराठी लिहिणाऱ्याने 'साखळी गावी' असा एक शब्द अधिक लिहावा. घरच्यांची काळजी तेवढ्याने मिटते.