पर्यावरण व विकास यांचे पदव्युत्तर अध्ययन



पर्यावरण व विकास या जोडविषयाला आपल्या विद्यापीठांत स्थान मिळून फार काळ लोटलेला नाही. १९७२ साली स्टॉकहोम येथे संयुक्त राष्ट्रांची मानवी पर्यावरणविषयक परिषद भरली, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात पर्यावरणविज्ञानांचे स्वतंत्र विद्यालय निघाले. तेथे भर होता तो हवा, पाणी, माती यांच्या विज्ञानावर. पुढे दिल्लीच्याच आंबेडकर विद्यापीठात ‘पर्यावरण आणि विकास’ या नावाने एम. ए. चा अभ्यासक्रम सुरू झाला. एम. एस्सी. नव्हे, एम. ए. हा केवळ अक्षरांचा फरक नाही. नदीतील विद्राव्य प्राणवायू किती, या प्रश्नाबरोबरच ती नदी कोणाची, हा प्रश्नही विद्यार्थ्यासमोर अधिकृतपणे मांडला गेला.

अशा अभ्यासक्रमावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. थोडे परिस्थितिविज्ञान, थोडे अर्थशास्त्र, थोडा कायदा, थोडे समाजशास्त्र, आणि गती मात्र कशातच नाही, असा पदवीधर यातून बाहेर पडतो, असे म्हणतात. आक्षेप अगदीच निराधार नाही. विषयांची नुसती चळत रचली तर तसेच होते. परंतु एखादे स्थळ निवडून सर्व शास्त्रांना तेथे कामाला लावले, तर चित्र पालटते.

कच्छमधील बन्नीचे उदाहरण घ्यावे. कच्छची मुख्य भूमी आणि मोठे रण यांच्यामध्ये सुमारे २,५०० चौरस किलोमीटरांचे हे गवताळ मैदान आहे. मालधारी पशुपालक पिढ्यानुपिढ्या तेथे गुरे राखीत आले आहेत. १९६० च्या सुमारास रणाचा खारेपणा पुढे सरकू नये म्हणून वनखात्याने तेथे एका परदेशी झाडाची लागवड केली. महाराष्ट्रात त्याला वेडी बाभूळ म्हणतात; कच्छीमाणूस त्याला गांडो बावळ म्हणतो, म्हणजे तेच. गुरांनी शेंगा खाल्ल्या, शेणातून बी सर्वत्र पडले, आणि झाड कुरणभर पसरले. दक्षिणेच्या टेकड्यांतून येणाऱ्या नद्यांवर दरम्यान धरणे झाली होती. गोडे पाणी खाली कमी पोचू लागले. गाईंना त्या शेंगा बाधत, म्हशींचे त्यामानाने बरे चाले. मालधारी हळूहळू म्हशींकडे वळले. रात्री चरून पहाटे गोठ्यावर परतणारी ती बन्नी म्हैस २०१० साली स्वतंत्र जात म्हणून मान्यता पावली. ज्या झाडाने कुरण खाल्ले, त्याच झाडाच्या कोळशावर आज तेथील अनेक कुटुंबांची चूलही पेटते.

येथे वनस्पतिशास्त्र कोठे संपले आणि अर्थशास्त्र कोठे सुरू झाले? झाड उपटावे की ठेवावे, या साध्या प्रश्नालाही एका शास्त्राचे उत्तर पुरत नाही. त्यात कायद्याची गुंतागुंत आहेच. १९५५ साली बन्नी संरक्षित वन म्हणून घोषित झाली, तरी जमिनीचा कारभार पुढे कित्येक वर्षे महसूल खात्याकडेच राहिला. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर मालधाऱ्यांनी सामूहिक हक्क मागितले, आणि २०२१ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने कुरणावरील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश देताना मालधाऱ्यांचा सामूहिक वनांवरील हक्क उचलून धरला.

या शिक्षणाची कसोटी मात्र परीक्षागृहात लागत नाही. १९९४ आणि २००६ च्या अधिसूचनांनुसार मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणीय परिणामांचा अहवाल द्यावा लागतो. तो सल्लागार संस्था तयार करतात, आणि त्यांना मोबदला देतो तो प्रकल्पाचा प्रवर्तकच. अहवालाचे प्रत्यक्ष लेखन करणारे हात पुष्कळदा याच विषयांतील तरुण पदवीधरांचे असतात. पायाभूत माहिती म्हणून अनेक प्रकल्पांना पावसाळा वगळून एकाच ऋतूतील नोंदी चालतात. हवेच्या प्रदूषणापुरते पाहिले तर यात तर्क आहे. पावसाने धूळ बसते, मग मोजणार काय? परंतु गवताळ प्रदेशाचे सारे आयुष्यच पावसाळ्यात असते. वैशाखात तेथे उभा राहिलेला माणूस भेगाळलेली, पांढुरकी जमीन पाहतो आणि प्रामाणिकपणे लिहितो : पडीक. त्या एका शब्दासरशी कुरण नकाशावरून नाहीसे होते, आणि मालधाऱ्याला भरपाई मागायलाही आधार उरत नाही. दख्खनच्या माळरानावर मेंढरे घेऊन फिरणाऱ्या धनगरांचा अनुभव याहून फार निराळा नाही.

दुर्दैव असे की विद्यापीठेही हीच चूक शिकवितात. प्रबंधिकेसाठी क्षेत्रकार्य ठेवले जाते ते बहुधा उन्हाळी सुटीत, कारण वेळापत्रकात तेव्हाच मोकळीक असते. वेळापत्रक कोणा परिस्थितिशास्त्रज्ञाने आखलेले नसते हे उघड आहे.

वस्तुतः या देशाला जागेवर जाऊन शिकण्याची परंपरा नवी नाही. पॅट्रिक गेडिस १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. आधी पाहणी, मग योजना, हा त्यांचा आग्रह होता. जे. सी. कुमारप्पांनी गुजरात विद्यापीठाच्या वतीने खेडा जिल्ह्यातील मातर तालुक्याची आर्थिक पाहणी केली, ती १९३१ साली प्रसिद्ध झाली. लखनौला राधाकमल मुखर्जी परिस्थितिविज्ञान आणि समाजशास्त्र यांची सांगड घालीत होते. यांपैकी एकानेही ‘पर्यावरण आणि विकास’ ही पदवी घेतलेली नव्हती, हे खरे. पण ‘आणि’ या शब्दाचा अर्थ त्यांना ठाऊक होता.

तेव्हा दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात व्याख्याने थोडी कमी झाली तरी चालतील. विद्यार्थ्याने एकाच गावी तीन वेळा जावे : एकदा वैशाखात, एकदा भाद्रपदात, एकदा पौषात. गवतांची नावे त्याने वनस्पतिकोशातून शिकावीत आणि गुराख्याकडूनही, व दोन्ही नावे वहीत शेजारीशेजारी लिहावीत. तलाठ्याच्या दप्तरात त्या जमिनीची नोंद काय आहे ती उतरवून घ्यावी. प्रबंधिका पूर्ण झाल्यावर तिची एक प्रत गावाच्या भाषेत गावाला द्यावी, आणि गावाने काढलेल्या चुका विद्यापीठाने मौखिक परीक्षेत विचारात घ्याव्यात.