डाळिंबाचे माहेर



वसंतातल्या व्याख्यानाला यावे, वसंताचे वर्णन ऐकावे आणि घरी जावे, असा आपला शिरस्ता आहे. आज मी वर्णन करणार नाही. आपल्याला एका बागेत नेणार आहे. ही बाग राहुरीत नाही, पुण्याला गणेशखिंडीत आहे. तरीही तिच्यावर राहुरीकरांचा हक्क आहे. तो कसा, एवढेच मला सांगावयाचे आहे.

गणेशखिंडीची ही वनस्पती-बाग 1873 सालची. सुमारे 33 हेक्टरांचा तिचा विस्तार. भोवती शहर वाढत गेले, तरी ही जागा झाडांकडेच राहिली. 1968 साली आपले कृषी विद्यापीठ स्थापन झाले. आज या बागेतील फळसंशोधन केंद्र त्याच विद्यापीठाचे आहे. म्हणजे बाग पुण्याची, पण तिचा कारभार राहुरीचा!

आता मुख्य गोष्ट. जुन्या काळी आपल्याकडे डाळिंबाची आळंदी नावाची जात होती. दाणे रसाळ, पण बी टणक. म्हाताऱ्या माणसाने खावे तर दातांची पंचाईत. 1936 साली डॉ. चीमा यांनी गणेशखिंडीत या आळंदीतून एक झाड निवडले. बियांपासून वाढलेली रोपे सारखी निपजत नाहीत; एकाच घरातली भावंडे तरी कुठे सारखी असतात? या झाडाचे बी मऊ होते आणि फळही भरपूर होते. त्याला नाव मिळाले 'जी. बी. जी. 1'. पुढे 1970 साली त्याचेच नाव 'गणेश' झाले. या एका झाडाच्या गुट्या बांधल्या, त्या गुट्यांच्या पुन्हा गुट्या बांधल्या, आणि महाराष्ट्रात बागा उभ्या राहिल्या. पुढे राहुरीच्या विद्यापीठात गणेशचा संकर 'गुल-ए-शाह' या तांबड्या रशियन जातीशी झाला. त्या वंशातूनच मृदुला आणि भगवा या जाती आल्या. आपल्या जिल्ह्यातून आज जो भगवा बाजारात जातो, त्याचे आजोळ गणेशखिंडीत आहे.

तेव्हा वसंतात बागेत जाल तर काय पाहाल? आंब्याचा मोहोर आपण पाहतोच. त्याच सुमारास डाळिंबालाही फुले येतात. म्हणून तर त्या बहराला आंबे बहार म्हणतात. डाळिंबाचे झाड दिसेल तेथे जरा थांबा. एकाच झाडावर दोन आकारांची फुले दिसतील. एक बुडाशी फुगीर, घागरीसारखे. दुसरे बुडाशी निमुळते, घंटेसारखे. घागरीचे फळ होते, घंटा गळून पडते.

आपल्या तालुक्यातील एक गृहस्थ एकदा मुठीत गळलेली फुले घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "गुरुजी, सारा बहर गळतोय. दोन फवारे मारले, उपयोग नाही." मी फुले चौरंगावर मांडली. बहुतेक सगळ्या घंटाच! ती गळायचीच होती. फवाऱ्याचा पैसा मात्र फुकट गेला. गृहस्थ हसले, पण जाताना म्हणाले, "हे फूल मी वीस वर्षे बघतोय, पण कधी पाहिले नव्हते." बागेत जाण्याचे कारण याहून चांगले मला सांगता येणार नाही.

पण, मंडळी, काळजीची गोष्टही सांगितली पाहिजे. गुटीने वाढवलेली झाडे एकाच झाडाचे अंश असतात. भगव्याच्या शेकडो एकर बागा म्हणजे वस्तुतः एकच झाड. त्याच्या गुणाचे आपण वाटेकरी, तसेच त्याच्या उण्याचेही. तेल्या रोग एका बागेत शिरला की शेजारच्या बागेचा धीर का सुटतो, हे आपल्यातील पुष्कळांनी सोसले आहे. उद्या या रोगापुढे टिकणारे झाड हवे झाले, तर ते बाजारात मिळणार नाही. ज्या झाडांना आज बाजारभाव नाही, अशी झाडे कोणी सांभाळली असतील तरच ते मिळेल. आळंदीची ती रोपे 1936 पूर्वीच कोणी 'बिनकामाची' म्हणून उपटली असती, तर गणेश नाही आणि भगवाही नाही!

म्हणूनच 2020 साली गणेशखिंडीच्या बागेला जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण जाहीरनाम्याने झाड जगत नाही. लोक येतात, नाव विचारतात, ओळख ठेवतात, तेव्हा त्याच्यावर कुऱ्हाड उचलणाऱ्याचा हात अडखळतो.

चैत्रात गौर माहेरी येते. आपण तिच्यापुढे आरास मांडतो, कैरीची डाळ आणि पन्हे वाटतो. या चैत्रात आपण उलट करावे: आपल्या डाळिंबाच्या माहेरी आपणच जावे. बाग संशोधनाची आहे, म्हणून आधी परवानगीची चौकशी करावी, फूल तोडू नये आणि मुलांना बरोबर न्यावे. घरी आल्यावर आपल्या बांधावरच्या एका तरी जुन्या, बिनकामाच्या झाडाचे नाव त्यांना विचारावे. त्यांना सांगता आले नाही, तर आपल्याला येते का, हेही पाहावे.