खुळखुळणारं चाक, आणि आपले हात

आज बोलूया गाडीच्या चाकाबद्दल.

आमच्या गटाकडे एक जुनी मोटारसायकल आहे. सकाळी तिच्यावर डेअरीचं दूध जातं, बाजाराच्या दिवशी मसाला-पापड जातात, आणि वेळप्रसंगी बाळंतिणीचा डबाही जातो. तुमच्यापैकी पुष्कळजणींच्या दारात अशीच एखादी गाडी असेल. इंजिन बिघडलं की गाडी थांबते, लगेच कळतं. चाकाचं बेअरिंग झिजलं तरी गाडी चालतच राहते. चाक डुलायला लागतं, वळणावर तोल जातो, आणि पाठीमागे लेकरू बसलेलं असतं. म्हणून हे ओळखता आलंच पाहिजे.

बेअरिंग म्हणजे दोन पोलादी कडी आणि त्यांच्यामध्ये छर्रे. चाकाच्या मधल्या भागाला हब म्हणतात. त्यात दोन्ही बाजूंना एकेक बेअरिंग बसवलेलं असतं. आपण ओढ्यात गाडी घालतो, पाण्याचा जोरदार फवारा मारून धुतो. पाणी-माती आत जाते, ग्रीस निघून जातं, छर्रे घासतात.

तपासायचं कसं? गाडी डबल स्टँडवर लावा. एकीने मागून दाबून धरा, म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल. चाक वर-खाली धरून हलवा. खट-खट लागलं, तर एका हाताने शॉकअपचा खालचा भाग धरून पुन्हा बघा. शॉकअप स्थिर आणि चाकच हलतंय, तर बेअरिंग गेलं. शॉकअपसकट हँडलपाशी हलतंय, तर दुखणं कोनसेटचं आहे. मग चाक फिरवून कान द्या. जात्यासारखी घरघर आली, तरी बेअरिंग बदलायचंच.

हे काम आम्ही तालुक्याच्या मिस्त्रींकडे बसून शिकलो. आधी त्यांनी केलं, आम्ही पाहिलं. मग आम्ही केलं, त्यांनी पाहिलं. पहिल्यांदा करताना तुम्हीही कुणी जाणतं जवळ ठेवा. सुरुवात ड्रम ब्रेक असलेल्या पुढच्या चाकापासून करा. डिस्क ब्रेक आणि साखळीचं मागचं चाक गॅरेजला जाऊ द्या.

हँडल हलणार नाही असं बांधा आणि इंजिनखाली भक्कम लाकडी ठोकळा द्या. ब्रेकची आणि मीटरची केबल सोडा, ॲक्सलचा नट काढा, ॲक्सल ओढून चाक खाली घ्या. कोणता बुश कोणत्या बाजूचा, ते निघेल त्या क्रमाने कापडावर मांडून ठेवा. ब्रेकची धूळ तोंडाने फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. ऑइल सील काढा. दोन बेअरिंगांच्या मध्ये एक नळी असते, तिला डिस्टन्स पाइप म्हणतात. लांब सळईने ती जराशी बाजूला सारा आणि पलीकडच्या बेअरिंगच्या आतल्या कड्यावर हळूहळू चहूबाजूंनी ठोका. एकाच जागी ठोकलं तर ते तिरकं अडकतं. ठोकताना डोळ्यांना चष्मा हवाच. पोलादाचा कपचा उडतो.

निघालेलं बेअरिंग पुन्हा बसवायचं नाही. दोन्ही एकदम बदलायची, सीलही नवं घ्यायचं. दुकानात जुनं बेअरिंग सोबत न्या. त्याच्या कडेवर नंबर असतो. समजा ६३०१ आहे, तर त्याचं माप ठरलेलं: आतलं भोक १२ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ३७, जाडी १२. नंबर वाचता आला की कुणी भलतंच गळ्यात मारू शकत नाही. दोन्ही बाजूंना रबरी झाकण असलेलं घेतलं तर आपल्या चिखलात बरं टिकतं.

बसवण्याआधी हब पुसून घ्या. नवं बेअरिंग रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवा आणि हब उन्हात तापू द्या. मग ते सोपं बसतं. ठोकताना जोर फक्त बाहेरच्या कड्यावर यावा. जुनं बेअरिंग वर धरून ठोकलं तरी चालतं. आतल्या कड्यावर ठोकलं, तर छर्ऱ्यांच्या दाबाने कड्यांना खड्डे पडून नवी वस्तू दारातच जुनी होते. एक बसलं की आधी पाइप घाला, मग दुसरं बसवा. पाइप विसरला, तर नट आवळताच दोन्ही बेअरिंगं आवळली जाऊन खराब होतात. आणि नवं बेअरिंग नुसत्या बोटाने आत गेलं, तर हब झिजलाय असं समजा. तिथे हात थांबवा आणि मिस्त्री गाठा. पत्र्याची पट्टी खुपसायची नाही.

चाक चढवताना ब्रेक प्लेटची खाच शॉकअपवरच्या उंचवट्यात नीट बसलीय ना, हे दोघींनी बघा. नाही बसली, तर ब्रेक दाबताच प्लेट फिरते आणि चाक जाम होतं. ड्रमला ग्रीसचा बोट लागू देऊ नका. नट पक्का आवळा, चाक फिरवा, ब्रेक दाबून बघा. मग गावातल्या गावात सावकाश एक फेरी, आणि परत आल्यावर पुन्हा नट तपासा.

आमच्या गटाने एक नियम केलाय. महिन्याच्या बैठकीत बचतीची वही उघडण्याआधी गाडी स्टँडवर लावायची आणि चाक हलवून बघायचं. दोन मिनिटं लागतात. तुमच्या पुढच्या बैठकीला हे करून बघा. दारात कुणाचीही गाडी असू दे, वाहतो तो आपल्याच घरचा जीव.