व्हिएतनामची सहल आणि एक दुरुस्ती
(मंडळाच्या मासिक स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



कार्यक्रम पत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय ‘व्हिएतनामची सहल’ असा छापला आहे. तो बरोबर आहे, पण अर्धाच आहे. उरलेला अर्धा भाग म्हणजे एक कबुली. ती याच सभागृहात द्यायला हवी, कारण चूक इथेच केली होती.

काही वर्षांपूर्वी शिवजयंतीला याच व्यासपीठावरून मी एक गोष्ट सांगितली होती. आपल्यापैकी बहुतेकांना ती ठाऊक आहे. व्हिएतनामने अमेरिकेला हरवले ते शिवाजी महाराजांचा गनिमी कावा अभ्यासून. तिथल्या एका राष्ट्राध्यक्षाने तसे जाहीर सांगितले. एवढेच नव्हे, तर आपल्या समाधीवर ‘शिवाजी महाराजांचा एक मावळा’ असे कोरून घेतले. टाळ्या जोरात पडल्या. ते भाषण त्या वर्षीच्या स्मरणिकेत छापूनही आले. आपल्या मंडळातल्या एका शाळकरी मुलाने ती गोष्ट वक्तृत्व स्पर्धेत सांगितली आणि बक्षीस मिळवले. मी ही गोष्ट कुठून घेतली होती? कोणीतरी पाठवलेल्या एका मजकुरातून. तपासली होती का? नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये आम्ही एकवीस जण एका यात्रा कंपनीबरोबर नऊ दिवसांच्या सहलीला गेलो, तेव्हा ही गोष्ट माझ्या खिशातच होती. कोलकात्याहून हनोईला थेट विमानाने अडीच तासांच्या आसपास लागले. मुंबईला जायला आपल्याला जवळपास तेवढाच वेळ लागतो. आपले घड्याळ दीड तास पुढे करायचे आणि तेव्हा शंभर रुपये दिले की हातात साधारण तीस हजार डाँग यायचे. आमची सौ. पहिल्याच दिवशी लक्षाधीश झाली आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा मध्यमवर्गात आली.

हनोईत बारीक पाऊस होता आणि स्वेटर लागेल इतकी थंडी. त्यांचे नववर्ष, म्हणजे तेत, नुकतेच होऊन गेले होते. आमची गाइड तिशीतली एक मुलगी होती. तिने बसमध्ये चढताच प्रत्येकाचे वय विचारले. काही भगिनींचे चेहरे बदलले. मग तिने सांगितले, की त्यांच्या भाषेत ‘मी’ आणि ‘तुम्ही’ यांना सरसकट शब्द नाहीत. समोरचा आपल्यापेक्षा किती मोठा यावर सगळे ठरते. वडिलांपेक्षा मोठा असेल तर तो ‘बाक’, म्हणजे मोठे काका, आणि आपण ‘चाउ’, म्हणजे त्यांची पुतणी. हो ची मिन्ह यांनाही सारा देश ‘बाक हो’ म्हणतो. तेव्हा नऊ दिवस मी बाक आणि ती चाउ. काका-मामा लावल्याशिवाय ज्यांचे पान हलत नाही, अशा आपल्या लोकांना हे लगेच जमले.

भाषा मात्र जमली नाही. लिपी रोमन आहे, पण सहा सूर आहेत. ‘मा’ हा एकच शब्द सूर बदलून म्हटला, की भूत, आई, थडगे, घोडा किंवा भाताचे रोप होते. आमच्यातल्या एका काकूंनी अतिशय प्रेमाने कोणाच्या तरी आईची चौकशी केली आणि ती बाई एक पाऊल मागे सरकली. शाकाहाराला तिथे ‘चाय’ म्हणतात. पहिल्या रात्री वेटर ‘चाय? चाय?’ विचारत होता आणि आमची मंडळी ‘हो, आलं घालून’ म्हणत होती. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला तिथले अनेक बौद्ध मांसाहार टाळतात हे कळल्यावर आमच्या चतुर्थीवाल्यांना धीर आला. एरवी मात्र माशाचा रस, म्हणजे ‘नुओक माम’, जवळपास सगळ्यात असतो, हे शाकाहारी प्रवाशांनी ध्यानात ठेवावे.

आता मूळ प्रसंग. हनोईच्या मध्यभागी होआन किएम नावाचे तळे आहे. नावाचा अर्थ ‘परत केलेली तलवार’. ले लोय नावाच्या जमीनदाराने १४१८ साली लाम सोनच्या डोंगराळ मुलखात चीनच्या मिंग सत्तेविरुद्ध उठाव केला, दहा वर्षे झुंज दिली आणि १४२८ मध्ये तो राजा झाला. आख्यायिका अशी, की त्याला मिळालेली दैवी तलवार काम झाल्यावर याच तळ्यातल्या सोनेरी कासवाने परत मागून घेतली. तळ्यातल्या बेटावर एक देऊळ आहे. तिथे पूजा होते ती त्रान हुंग दाओ या सेनापतीची. त्याने तेराव्या शतकात मंगोलांच्या स्वाऱ्या परतवल्या. १२८८ साली बाख दांग नदीच्या पात्रात त्याने टोकदार खांब रोवून ठेवले आणि ओहोटी लागताच मंगोलांची जहाजे त्यांवर अडकली.

देवळाच्या पुलावर मी चाउला थांबवले. सगळे ऐकतील असे बघून विचारले, ‘आणि आमचे शिवाजी महाराज? त्यांची ती समाधीवरची ओळ कुठे पाहायला मिळेल?’

तिला प्रश्नच कळला नाही. मी पुन्हा सांगितले, कागदावर नाव लिहून दिले. ती ओशाळली. ‘बाक, मी हे नाव ऐकलेले नाही. माझे वडील तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवत होते. त्यांना विचारते.’

दुसऱ्या दिवशी आम्ही हो ची मिन्ह यांचे समाधिस्थळ पाहिले. रांगेत टोपी काढायची, बोलायचे नाही. काचेच्या पेटीत त्यांचा देह ठेवला आहे. त्यांनी स्वतः मात्र दहन करून अस्थी देशाच्या तिन्ही भागांत पुराव्यात असे लिहून ठेवले होते. माझे डोळे उगाचच भिंतीवर ती ओळ शोधत होते. बाहेर आल्यावर चाउ म्हणाली, ‘वडिलांशी बोलले. त्यांनीही ऐकलेले नाही. पण त्यांनी तुम्हाला एक प्रश्न विचारला आहे. तुमचा राजा डोंगरातून लढला म्हणता, तर त्याच्या सैन्याला धान्य कसे पोचायचे?’

मंडळी, मी गप्प झालो. चाळीस वर्षे मी महाराजांवर बोलतो आहे. अफझलखान, आग्रा, शाहिस्तेखान सगळे तोंडपाठ आहे. पण दाणागोट्याचे काय, हे मला नीट सांगता येईना. त्या निवृत्त मास्तरांनी मला वर्गात उभे केले.

तिथून आम्ही निन्ह बिन्हकडे निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताची लावणी चालू होती. गुडघाभर चिखल, वाकलेल्या बायका, डोक्यावर शंकूसारख्या टोप्या. मी मूळचा राजापूरकडचा. खिडकीतून बघताना आईची आठवण आली. शेतांच्या मधोमध थडगी दिसत होती. चाउ म्हणाली, ‘आमच्याही शेतात आहे. त्यावर आजोबांचे नाव आहे, पण आत ते नाहीत. १९७२ मध्ये क्वांग चीच्या लढाईवर गेले, ते मिळाले नाहीत. आजी दर वर्षी त्या रिकाम्या जागेवर उदबत्ती लावायची.’ पुढे बराच वेळ बसमध्ये कोणी गाण्याच्या भेंड्या काढल्या नाहीत. ताम कोकला बायका पायांनी वल्ही मारत नावा चालवतात. दोन्ही बाजूंना चुनखडीचे डोंगर आणि मधून हिरवे पाणी. असेच डोंगर समुद्रात उभे केले, की हा लाँगचा उपसागर होतो. तिथे सोळाशेच्या आसपास बेटे आहेत.

हा लाँगच्या बोटीवर चाउने मला तिच्या बाजूचे उत्तर सांगितले. १९५४ साली दिएन बिएन फूला फ्रेंचांना वेढा घातला, तेव्हा हजारो माणसांनी सायकली ढकलत डोंगरातून धान्य आणि दारूगोळा नेला. एकेका सायकलवर दोनशे किलोहून जास्त ओझे असायचे. ‘आमचे वडील म्हणतात, लढाई ज्यांनी जिंकली त्यांच्यातल्या निम्म्यांनी बंदूक धरली नव्हती.’

त्या रात्री मी पुण्याला धाकट्या भावाला फोन केला आणि शिकवणी घेतली. मग दा नांगच्या वाटेवर मी चाउला पन्हाळ्याच्या अंबरखान्याविषयी सांगितले, गंगा, यमुना, सरस्वती अशी नावे असलेल्या धान्याच्या कोठारांविषयी. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ला बांधण्याआधी पाण्याची सोय बघायला कशी सांगितली आहे, तेही सांगितले. ती सगळे वहीत लिहून घेत होती. संध्याकाळी तिच्या वडिलांचा निरोप आला, ‘बाकला सांग, राजा हुशार होता.’ खरे सांगतो, त्या टाळ्यांपेक्षा हे वाक्य मला मोठे वाटले. तिथे महाराजांचे नाव कोणीतरी ऐकले, आणि ते खऱ्या गोष्टीमुळे ऐकले.

दा नांगला चाम शिल्पांचे संग्रहालय आहे, १९१९ मध्ये उघडलेले. आत गेलो आणि समोर बाप्पा! सातव्या-आठव्या शतकातली, दगडाची, सुमारे तीन फूट उंचीची, उभी मूर्ती. हात काही ठिकाणी तुटलेले आहेत. आमच्यातल्या कोणीतरी हळूच ‘सुखकर्ता’ सुरू केली. पहारेकरी उठला, पण त्याने आरती पुरी होऊ दिली.

ही मूर्ती मी सोनची. चंपा राज्यातल्या राजा भद्रवर्म्याने चौथ्या शतकात तिथे भद्रेश्वर नावाने शिवलिंग स्थापले. पुढे तेराव्या शतकापर्यंत डोंगरांनी वेढलेल्या त्या दरीत विटांची देवळे उठत गेली. संस्कृत शिलालेख तिथे आहेत. ऑगस्ट १९६९ मध्ये अमेरिकेच्या बाँबफेकीत त्यांतले सर्वांत भव्य शिखर कोसळले. बाँबचे खड्डे आजही देवळांच्या शेजारी आहेत, त्यांत गवत वाढले आहे. २०१७ ते २०२२ या काळात आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या लोकांनी तिथल्या काही देवळांची डागडुजी केली. ते काम चालू असताना मे २०२० मध्ये नवव्या शतकातले अखंड शिवलिंग मातीतून वर आले.

मी तिथेही फुशारकी मारायच्या बेतात होतो. चाउने सहज सांगितले, ‘बाक, चंपाची राजधानी १४७१ मध्ये आमच्याच राजाने जिंकली. ले थान्ह तोंग, त्या तलवारवाल्या ले लोयचा नातू. हनोईच्या साहित्य मंदिरात कासवांच्या पाठीवर विद्वानांच्या नावांचे शिलालेख पाहिलेत ना? ते उभारायला सुरुवात यानेच केली.’ स्वतःच्या राजाबद्दल ती दोन्ही गोष्टी एकाच सुरात सांगू शकली. मला अजून ते शिकायचे आहे.

होई आनचे कंदील, सायगावची दुचाकींची नदी, मेकाँगच्या कालव्यातली नारळाची वडी, घट्ट गोड दुधातली बर्फ घातलेली कॉफी, हे सगळे फोटोत दाखवीन. कू चीच्या भुयारात मी वीस पावले रांगलो आणि गुडघ्यांनी रामराम म्हटले. तिथे दोनशे किलोमीटरहून लांब भुयारे होती, आणि माणसे त्यांत वर्षानुवर्षे राहत होती. सायगावच्या युद्ध-अवशेष संग्रहालयात विषारी फवारणीने पुढच्या पिढ्यांचे काय झाले त्याचे फोटो आहेत. ते मी वर्णन करणार नाही.

आपल्या शहराचा आणि व्हिएतनामचा खरा संबंध तर घरातलाच आहे. साठच्या दशकात इथल्या रस्त्यांवर ‘आमार नाम, तोमार नाम, व्हिएतनाम’ अशा घोषणा झाल्या. अमेरिकेची वकिलात ज्या हॅरिंग्टन स्ट्रीटवर आहे, त्या रस्त्याला हो ची मिन्ह सरणी असे नाव दिले गेले. हे सांगितल्यावर चाउ खळखळून हसली आणि म्हणाली, ‘हे वडिलांना नक्की आवडेल.’ खोटी गोष्ट शोधत मी हनोईपर्यंत गेलो, आणि खरी आपल्या ट्रॅमच्या वाटेवर होती.

तेव्हा दुरुस्ती अशी : समाधीवरच्या मावळ्याची जी गोष्ट मी इथे सांगितली आणि स्मरणिकेत छापली, तिला आधार नाही. ती मी मागे घेतो. संपादक मंडळाला विनंती, की हे भाषण यंदाच्या स्मरणिकेत घ्यावे, म्हणजे चूक जिथे छापली तिथेच दुरुस्तीही छापली जाईल. महाराजांना त्या ओळीची गरज नव्हती. ती मला हवी होती, कारण घरापासून लांब राहणाऱ्या माणसाला आपले मोठेपण दुसऱ्याने सांगितलेले फार आवडते.

बक्षीस मिळवलेला तो मुलगा आता बंगळूरला नोकरी करतो. परत आल्यावर पहिला फोन त्यालाच केला. सगळे ऐकून तो म्हणाला, ‘काका, मग ढाल परत करू का?’ मी म्हटले, ‘ढाल राहू दे. पुढच्या शिवजयंतीला ये आणि अंबरखान्यावर बोल.’ तो हो म्हणाला आहे. आपण सर्वांनी यावे.

गणपती बाप्पा मोरया!