केरो : दोन नद्यांच्या संगमावरचे शहर

अमेरिकेच्या इलिनॉय राज्याच्या थेट दक्षिण टोकाला, ओहायो नदी जिथे मिसिसिपीला मिळते, तिथे केरो हे छोटे शहर वसले आहे. नाव इजिप्तच्या कैरोवरून घेतलेले; स्थानिक उच्चार मात्र केरो. अलेक्झांडर कौंटीचे हे मुख्य ठिकाण. कौंटीचे न्यायालय, जमिनीचे दस्तऐवज, करांची आणि निवडणुकीची कचेरी इथेच आहे. महाराष्ट्रात तालुक्याच्या गावाला जे स्थान असते, साधारण तेच याला आहे. 1920 च्या जनगणनेत केरोची लोकसंख्या 15,203 होती. 2020 मध्ये ती 1,733 भरली. शंभर वर्षांत दर नऊ माणसांमागे आठ माणसे कमी झाली. हे कसे घडले, याचे उत्तर संगमात आहे आणि माणसांच्या वागण्यातही.

दोन मोठ्या जलमार्गांच्या भेटीची जागा म्हणजे व्यापाराची जागा, हे सर्वांनाच दिसत होते. 1818 मध्ये इथे शहर आणि बँक स्थापण्याची सनद मिळाली, पण तो बेत तडीस गेला नाही. 1837 नंतर डॅरियस हॉलब्रुक याच्या कंपनीने लंडनमध्ये कर्जरोखे विकून बांध, गोदी आणि कारखाने उभारायला घेतले. काही वर्षांतच तीही बुडाली. 1842 मध्ये इथून गेलेल्या चार्ल्स डिकन्सने या दलदलीचे आणि तिथल्या रोगराईचे अत्यंत कठोर वर्णन लिहून ठेवले.

शहराला खरा आधार मिळाला तो रेल्वेचा. 1850 च्या दशकाच्या मध्यास इलिनॉय सेंट्रल रेल्वे केरोला पोहोचली. उत्तरेचा माल रेल्वेने यायचा आणि इथून आगबोटींनी दक्षिणेकडे जायचा. थोड्याच काळात कौंटीचे मुख्य ठिकाण थीब्झ गावातून केरोला आले. 1861 मध्ये यादवी युद्ध पेटले आणि उत्तरेच्या सैन्याने संगमाच्या टोकावर तळ ठोकला. सेनापती युलिसिस ग्रँट याने इथूनच मोहीम आखून 1862 च्या फेब्रुवारीत फोर्ट हेन्री आणि फोर्ट डोनेल्सन जिंकले. गुलामगिरीतून सुटलेली हजारो कृष्णवर्णीय माणसे याच काळात केरोच्या छावणीत आली. पुष्कळ पुढे निघून गेली, काही इथेच स्थिरावली. 1860 मध्ये 2,188 वस्तीचे हे गाव 1870 मध्ये 6,267 वर गेले आणि 1900 मध्ये 12,566 वर.

भरभराटीच्या या काळातच उतरणीचे एक कारण तयार झाले. 1889 मध्ये ओहायो नदीवर प्रचंड लोखंडी रेल्वेपूल उभा राहिला. तोपर्यंत आगगाडीचे डबे तरींवर चढवून पलीकडे न्यावे लागत, आणि त्या खोळंब्यावर मजूर, खाणावळी, गोदामे यांची पोटे भरत. पुलामुळे गाड्या न थांबता जाऊ लागल्या. पुढे रस्त्यांचे पूल झाले. 1970 च्या दशकात आंतरराज्य महामार्ग आला आणि मोटारींनाही शहरात शिरण्याचे कारण उरले नाही.

दुसरे कारण अधिक वेदनादायक आहे. 1909 च्या नोव्हेंबरात हजारोंच्या जमावाने विल जेम्स या कृष्णवर्णीय माणसाची भर रस्त्यात हत्या केली. राज्यपालांनी तिथल्या शेरीफला पदावरून दूर केले. त्याने पद परत मागितले, तेव्हा पत्रकार आयडा बी. वेल्स केरोला आल्या. त्यांनी पुरावे गोळा करून सुनावणीत बाजू मांडली आणि त्याची मागणी फेटाळली गेली. वर्णभेद मात्र टिकून राहिला. 1967 मध्ये एका तरुण कृष्णवर्णीय सैनिकाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला आणि शहर पेटले. 1969 पासून कृष्णवर्णीय रहिवाशांनी, त्यांना नोकरी न देणाऱ्या दुकानांवर बहिष्कार टाकला. अनेक दुकानदारांनी कृष्णवर्णीय माणूस कामावर घेण्यापेक्षा दुकानाला कायमचे टाळे लावणे पसंत केले. 1960 ची 9,348 लोकसंख्या 1970 मध्ये 6,277 वर आली.

नदीचा धाकही कायम आहे. शहराभोवती मातीचे बांध आणि पूररोधक भिंत आहे. 2011 च्या मे महिन्यात ओहायोचे पाणी 61 फुटांवर गेले, तेव्हा केरो वाचवण्यासाठी लष्कराच्या अभियंत्यांनी पलीकडच्या मिसुरी राज्यातला बांध सुरुंगाने फोडला. सुमारे 1,30,000 एकर शेतजमीन पाण्याखाली गेली. शहर वाचले, पण त्याची गळती थांबली नाही. 2017 मध्ये मोडकळीस आलेल्या दोन सरकारी वसाहती बंद करण्याचा निर्णय झाला आणि कित्येक कुटुंबांना शहर सोडावे लागले. 2010 ते 2020 या दहा वर्षांत लोकसंख्या 2,831 वरून 1,733 वर उतरली.

आज केरोच्या रहिवाशांत कृष्णवर्णीयांचे मोठे बहुमत आहे. कौंटीचा कारभार इथूनच चालतो. 1872 मधले जुने जकातघर संग्रहालय म्हणून जपले आहे, आणि संगमावर नवे नदीबंदर उभारण्याची योजना आहे. नद्यांनी दिलेली जागा अजूनही तितकीच मोलाची आहे. मात्र शहर जागेवर जन्मते आणि माणसांच्या एकत्र राहण्यावर टिकते, हे केरोची शिरगणती स्पष्ट सांगते. नवे बंदर झाले, तर त्यातल्या कामाचा वाटा तिथे टिकून राहिलेल्या माणसांना मिळणे, ही या शहराच्या पुन्हा उभे राहण्याची पहिली अट आहे.