परदेशांतील घर आणि कळंब्याचें शेत



कळंबा तलावाजवळचें वडिलार्जित तीस गुंठे शेत विकावें आणि परदेशांत मुलाच्या शेजारीं घर घेऊन राहावें, असें एखाद्या कोल्हापुरी गृहस्थाच्या मनांत आलें, तर त्यांत वावगें कांहीं नाहीं. उतारवयांत नातवंडें जवळ असावींत, असें कोणास वाटत नाहीं? (तिकडच्या थंडीचा विचार मात्र सहसा कोणी करीत नाहीं!)

परंतु घर विकत घेणें निराळें आणि त्या देशांत राहण्याचा हक्क मिळणें निराळें. पोर्तुगाल २०१२ पासून घर घेणाऱ्या परकीयांस रहिवासाचा परवाना देत असे. २०२३ मध्यें ती वाट बंद झाली. स्पेननें २०२५ मध्यें तेंच केलें. कॅनडानें २०२३ च्या आरंभीं परकीयांच्या घरखरेदीवर दोन वर्षांची बंदी घातली आणि पुढें ती आणखी दोन वर्षें वाढविली.

खरा पेंच मात्र इकडेच आहे. १९४८ च्या कुळकायद्याप्रमाणें शेतकरी नसलेल्यास कलेक्टरांच्या परवानगीवांचून शेतजमीन घेतां येत नाहीं. शेवटचा तुकडा विकला, सातबाऱ्यावरचें नांव गेलें, कीं परत आल्यावर हाच गृहस्थ त्या कचेरींत अर्जदार म्हणून उभा! परदेशीं स्थायिक असलेल्या मुलास तर शेत विकत घेतांच येत नाहीं. वारसानें आलें तर ठेवतां येतें. शहरांतलें राहतें घर मात्र तो केव्हांही घेऊं शकतो.

तेव्हां पैसा उभा करावयाचाच असेल, तर शहरांतलें घर आधीं विकावें. शेताचा सातबारा तूर्त पेटींतच असूं द्यावा.