ताटातली आपली मजुरी

 

पाली म्हटलं की अष्टविनायकांतला बल्लाळेश्वर डोळ्यांसमोर येतो. शनिवार-रविवार, संकष्टी, अंगारकी, मे महिन्याची सुट्टी आणि माघातली चतुर्थी, या दिवसांत आमच्या गावात पाय ठेवायला जागा नसते. दर्शन घेऊन बाहेर आलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, "इथे घरगुती जेवण कुठे मिळेल हो?" या एका प्रश्नावर पालीतल्या कितीतरी घरांचा संसार चालतो. कुणी खानावळ चालवते, कुणी उकडीचे मोदक करून देते, कुणी पापड, मिरगुंड, कुरडया विकते, कुणी घरातल्या दोन खोल्या मुक्कामाला देते. आम्ही त्यांच्यातल्याच.

आज बोलायचं आहे ते हे, की हे काम हंगामापुरतं न राहता वर्षानुवर्षं कसं टिकवायचं. आम्ही काही मोठ्या हॉटेलवाल्या नाही. पण चुका करून शिकलो आहोत, त्या चुका तुम्हाला सांगाव्यात म्हणून आलो आहोत.

आम्ही दहा जणींनी गटातून अंतर्गत कर्ज घेतलं, भाड्याने एक खोली आणि पुढची पडवी घेतली आणि खानावळ सुरू केली. रोजच्या स्वयंपाकाला चौघी, बाकीच्या गर्दीच्या दिवशी. आमचा विचार सरळ होता. हाताला चव आहे, गिऱ्हाईक दारात आहे, मग अडचण कसली? वरण-भात, वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी आणि वरीचे तांदूळ. लोक बोटं चाटून जायचे. संध्याकाळी गल्ला मोजला की नोटा दिसायच्या. कर्जाचा हप्ता वेळेवर जायचा. आम्ही खूश होतो.

मग आमच्यातली एक ताई यायची बंद झाली. मोदकांच्या उकडीसाठी पहाटे चारला उठणारी ती. दोन बैठकांना आली नाही, म्हणून आम्ही तिच्या घरी गेलो. भांडण नव्हतं, रुसवाही नव्हता. ती एवढंच म्हणाली, "मी दुसऱ्याच्या शेतावर लावणीला गेले तर संध्याकाळी माझ्या हातात रोज पडतो. तो किती ते मला सांगता येतं. खानावळीत मला दिवसाला किती मिळतात, ते तुम्ही सांगा."

आम्हाला सांगता आलं नाही. वहीत तांदूळ होता, डाळ होती, तेल, नारळ, गॅस, सगळं होतं. आमची मजुरी कुठेच लिहिलेली नव्हती.

त्या रात्री आम्ही वही घेऊन बसलो. एका दिवसाचा तो हिशोब आजच्या भावात सांगतो. कागद-पेन्सिल असेल तर घ्या.

थाळीचा दर १२० रुपये. तांदूळ, डाळ, भाजी, तेल, नारळ, मसाला मिळून एका थाळीला ६० रुपये. गॅसचे १०. भाडं, वीज, पाणी वाटून १२. पत्रावळ, साबण, फडकी यांचे ५ आणि वाया जाणाऱ्या अन्नाचे ५. झाले ९२. राहिले २८ रुपये. दिवसाला ४० थाळ्या गेल्या तर ११२० रुपये. काम करणाऱ्या चौघी, म्हणजे एकीला २८० रुपये. तेही पहाटे पाच ते दुपारी चार, अकरा तास उभं राहून. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे आम्ही स्वतःच्या खानावळीच्या मालकीण होतो आणि रोजगार हमीपेक्षा कमी मजुरीवर राबत होतो. त्यातून गटाच्या हप्त्याचे पैसे कापले की हातात काय उरत असेल, ते तुम्हीच बघा.

मैत्रिणींनो, घरी आपण रांधतो त्याची मजुरी कुणी मागत नाही आणि आपणही मागत नाही. तीच सवय घेऊन आपण धंद्यात येतो. बाहेरचा आचारी ठेवला असता तर त्याचा पगार आधी बाजूला काढला असता, मगच नफा मोजला असता. स्वतःच्या बाबतीत मात्र "घरचंच तर आहे" म्हणून सोडून देतो. अशी खानावळ एक-दोन वर्षं उत्साहावर चालते. मग एकेक बाई थकते, घरचे म्हणतात "मिळतं काय त्यात?", आणि कुलूप लागतं. लोक म्हणतात, बायकांना धंदा जमत नाही. मजुरीच लिहिलेली नसते, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

आम्ही थाळी १५० रुपये केली. फार भीती वाटली. काही गिऱ्हाईकं गेली, तेवढीच नवी आली. गर्दी नसेल त्या दिवशी पाच पदार्थांऐवजी तीनच करायचे ठरवले. आता ४० थाळ्यांमागे २३२० रुपये राहतात. त्यातले चौघींच्या मजुरीचे, प्रत्येकी ४५० प्रमाणे, १८०० त्याच संध्याकाळी हातात देतो. उरलेले ५२० गटाच्या खात्यावर. ज्या दिवशी थाळ्या कमी जातात त्या दिवशी चौघींऐवजी दोघीच येतात. ती ताई चतुर्थीच्या दिवशी पुन्हा येऊ लागली. मोदकांचा दर तीच ठरवते. आणखी एक जण गेली ती मात्र परत आली नाही. तिचा विश्वास आम्ही गमावला, ते आमचं नुकसान.

आता थोडं मागचं सांगतो, कारण हा मार्ग आपण पहिल्यांदा चालत नाही. आपल्या कोकणातून हजारो पुरुष मुंबईच्या कापड गिरण्यांत गेले. बायका-मुलं गावी, स्वतः लालबाग-परळच्या चाळीत गाळ्यात राहायचे. त्यांना दोन वेळचं जेवण घालणाऱ्या बायका म्हणजे गिरणगावातल्या खानावळवाल्या. महिनाभर जेवण उधार, पगार झाला की पैसे. तोवर वाण्याची उधारी, सावकाराचं व्याज, मंगळसूत्र गहाण. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. बँकेच्या दारात जायला घाबरणाऱ्या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, म्हणजे सावकार सुटला. सरकारने २००२ साली प्रेमाताईंना पद्मश्री दिली. पण आम्हाला त्याहून मोठी वाटते ती गोष्ट ही, की चूल सांभाळणारी बाई बँकेच्या कागदावर कामकरी म्हणून लिहिली गेली.

पुढे जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला. कामगारांचे पगार थांबले, पुष्कळ जण गावी परतले आणि खानावळीचं गिऱ्हाईकच संपलं. ज्या बाईची सगळी मदार गिरणी कामगारावर होती तिचं काय झालं असेल? मंडळाने पुढे केटरिंगची कामं घेतली, डबे आणि जेवणाच्या ऑर्डरी घेतल्या. चव तीच, हात तेच, गिऱ्हाईक बदललं.

आम्ही हे २०२० मध्ये स्वतः पाहिलं. मार्चमध्ये मंदिरं बंद झाली ती नोव्हेंबरात, दिवाळीच्या पाडव्याला उघडली. पुढच्या वर्षी पुन्हा बंद झाली आणि ऑक्टोबरात घटस्थापनेला उघडली. देवळासमोरचा रस्ता ओस. आम्ही दोन महिने नुसत्या बसून होतो. मग पापड, मिरगुंड, मसाला करून ओळखीच्या घरांत पोचवला, तेव्हा भाडं निघालं. तेव्हापासून आम्ही एकाच गिऱ्हाइकावर बसत नाही. गर्दीच्या दिवशी थाळी आणि मोदक. एरवी शाळेतल्या शिक्षकांचे आणि बाहेरगावच्या नोकरदारांचे डबे. उन्हाळ्यात वाळवण, कोकम सरबत. थंडीत वालाच्या शेंगा आल्या की मुक्कामी पाहुण्यांसाठी पोपटी. मडकं, भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, बटाटे. शहरातली माणसं शेकोटीभोवती बसून खातात आणि पुढच्या वर्षी नातेवाईक घेऊन येतात. पावसाळ्यात अंबा नदीला पूर आला की गाड्या थांबतात, हे आम्ही धरूनच चालतो. त्या महिन्यांच्या भाड्याचे पैसे माघातच वेगळे काढून ठेवतो.

आता एक फजिती. एका माघी चतुर्थीला फोन आला, बस येतेय, ऐंशी पानं लावा, प्रत्येकी दोन मोदक. माणूस गोड बोलणारा. आम्ही ॲडव्हान्स मागायला लाजलो. देवाच्या दारी आलेल्या माणसाशी पैशाचं काय बोलायचं, असं वाटलं. रात्रभर नारळ खवला. दुपारी दोन वाजता फोन केला तर म्हणाले, उशीर झाला, आम्ही रस्त्यातच जेवलो. एकशे साठ मोदक आणि ऐंशी माणसांचं अन्न समोर. जेवढं विकलं तेवढं विकलं, बाकीचं वाटलं. त्या दिवसाचा खड्डा भरायला आम्हाला दीड महिना लागला.

आता वीस पानांच्या वर ऑर्डर असेल तर अर्धे पैसे आधी, मोबाइलवर. नाही आले तर तांदूळ भिजत नाही. आम्ही हसूनच सांगतो, "दादा, नारळवाला आमच्याकडून आधी घेतो, म्हणून आम्ही तुमच्याकडून घेतो." कुणाला राग आलेला नाही. ज्याला यायचंच आहे तो पैसे देतो.

स्वच्छतेचं दोन शब्दांत सांगतो. एका पाहुण्याचं पोट बिघडलं तर दहा वर्षांचं नाव जातं. ओल्या खोबऱ्याचं वाटण मे महिन्यात सकाळचं दुपारी वापरू नका. भात-आमटी वाढेपर्यंत वाफाळती ठेवा, कोमट करून झाकून ठेवू नका. पुराच्या दिवसांत पिण्याचं पाणी उकळलेलंच. जिच्या हाताला जखम आहे किंवा पोट बिघडलंय तिने त्या दिवशी गल्ल्यावर बसावं. आणि अन्न सुरक्षेची नोंदणी करून घ्या. छोट्या व्यावसायिकासाठी साधी नोंदणी असते. नोंदणीचा चौदा आकडी नंबर भिंतीवर लागला की शहरातलं गिऱ्हाईक निर्धास्त होतं. नोंदणी मात्र जी काम करते तिच्या किंवा गटाच्या नावावर करा. राबायचं आपण आणि कागद घरातल्या दुसऱ्याच्या नावावर, असं करू नका. उद्या कर्ज मागायला जाल तेव्हा बँक कागदच बघते.

शेवटी आपल्या मुलींबद्दल. आमच्या गटातल्या एकीची मुलगी म्हणाली, मला हॉटेलच्या कामाचं शिकायचंय. घरात गोंधळ झाला. "शिकून सवरून भांडीच घासणार का?" असं आजी म्हणाली. तेव्हा आम्ही आजींना सांगितलं, मुंबईत दादरला जे मोठं सरकारमान्य कॅटरिंग कॉलेज आहे ते १९५४ साली लीलावती मुनशी यांच्या पुढाकाराने बायकांच्याच संस्थेने सुरू केलं. बारावीनंतर प्रवेश परीक्षा देऊन तिथे जाता येतं. एवढं शिक्षण जमत नसेल तर जिल्ह्याच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत मोफत वर्ग होतात, त्यांची चौकशी आपल्या गटाच्या समन्वयकाकडे किंवा पंचायत समितीत करा.

आपल्या रायगडात अलिबाग, मुरूड, खोपोली, कर्जत इकडे रिसॉर्ट वाढलेत. मुलगी तिथे नोकरीला लागली तर सुरुवात खोल्या आवरण्यापासून होईल, त्यात कमीपणा नाही. पण चार गोष्टी आधी विचारायच्या. नेमणुकीचं पत्र मिळेल का? आठवड्याची सुट्टी कोणती? भविष्य निर्वाह निधी कापणार का? रात्रीची पाळी सुटली की घरी सोडणार कोण? आणि जिथे दहा किंवा जास्त माणसं कामाला आहेत तिथे २०१३ च्या कायद्याप्रमाणे बायकांच्या तक्रारींसाठी समिती असायलाच हवी. तिथे कोण आहे, हे पहिल्याच आठवड्यात मुलीला माहीत असू द्या. एका जागी दोन-तीन वर्षं राहून स्वयंपाकघर, वाढप, हिशोब, पाहुण्यांशी बोलणं सगळं शिकली, तर तीच उद्या आपल्या गावात येऊन आपल्यापेक्षा चांगली खानावळ चालवेल.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एक काम करा. तुम्ही खानावळ चालवत असाल, पापड लाटत असाल, शाळेची खिचडी शिजवत असाल किंवा अजून नुसता विचार करत असाल, तरी एक ताट मध्ये ठेवा आणि त्याचा खर्च लिहा. तांदळापासून मिठापर्यंत सगळं लिहा. आणि तांदळाच्याही आधी, पहिल्या ओळीत लिहा "आपली मजुरी". तो आकडा ठरवताना लाजू नका. भांडण झालं तरी चालेल. आमच्या गटात झालं होतं, रात्री अकरापर्यंत चाललं होतं.

पालीला दर्शनाला आलात तर आमच्याकडे जेवायला या. पैसे मात्र घेऊ हं. नमस्कार.